वाकडा दस्ता

त्या सकाळी रुपरावांनी बायकोवर राग काढला तो भाजीवरून. खाप्याहून नागपूरची पहिली एस.टी. गाठायची म्हणून गोपिकाबाईंनी उजाडायच्या आत भाकरी थापल्या होत्या, पण भाजी वाढली ती ताटाच्या डाव्या बाजूला. डावीकडे मीठ, लोणचं, चटणी आणि उजवीकडे भाजी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गोपिकाबाईंचं मात्र वर्षभर हे असंच चाललं होतं. दिवाळीत जावयाच्या ताटाशेजारीसुद्धा त्यांनी नवऱ्याचं ताट असंच उलटंपालटं मांडलं होतं.

"वय झालं तुयं आता," रुपराव म्हणाले. "साधं वाढनं विसरून राहिली तू."

गोपिकाबाई हसल्या आणि पाण्याचा तांब्याही डावीकडेच ठेवला.

रुपराव हा स्वतःवर फार खूश असणारा माणूस, आणि त्याला कारणही तसंच होतं. कन्हानकाठच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आली की रानडुकरं नदी ओलांडून येत. रुपराव बंदूक घेऊन मचाणावर बसले की शेजारपाजारचे शेतकरी घरी पाय पसरून झोपत. डुकरांनी कुठल्या धुऱ्यावरून, कुठल्या बांधावरून यायचं हेसुद्धा रुपरावच ठरवतात, असं लोक गमतीनं म्हणत. रुपराव ते कधी खोडून काढत नसत.

पण गेल्या हंगामात त्यांचा नेम चुकला आणि मग चुकतच राहिला. कारण एकट्या रुपरावांना माहीत होतं. तूर कापताना वाळकी काडी उजव्या डोळ्यात घुसली होती. सूज उतरली, लाली गेली, वरून डोळा पहिल्यासारखा दिसू लागला, पण आत काळोख होता तो कायमचा. ही गोष्ट त्यांनी ना भावाला सांगितली, ना बायकोला. गावात सांगितलं की जुनी बंदूक कामातून गेली. डाव्या खांद्यावर घेऊनही पाहिलं, नदीच्या पात्रात कोणी नसताना. पण जन्मभराची उजव्या खांद्याची सवय, डावीकडे घेतलेली बंदूक नुसती डुलत राहिली. आपलीच बंदूक आपल्याला ओळख देत नाही याचं त्यांना रडू आलं होतं.

यंदा गावानं त्यांच्या चुलतभावाला, चंद्रभानला, तयारीत राहायला सांगितलं होतं. चंद्रभान गुणी होता, पण मचाण रुपरावांचं होतं. आज नेम लागेल अशी बंदूक मिळाली नाही, तर यंदापासून तिथं चंद्रभान बसणार होता आणि रुपराव घरी पाय पसरून झोपणाऱ्यांत जमा होणार होते. त्यांना मरण परवडलं असतं, हे नाही.

नागपूरच्या महाल भागात उतरल्यावर ते छाती काढून चालू लागले, तोच एका सायकलरिक्षाचा दांडा उजवीकडून त्यांच्या कोपराला लागला.

"काहून गा, आंधळा आहे काय?" रुपराव रिक्षावाल्यावर ओरडले. तो बिचारा पाचदा घंटी वाजवून आला होता. गोपिकाबाई दोन पावलं मागून येत होत्या. बांगड्या भरायच्या आहेत असं सांगून त्या सोबत आल्या होत्या, पण कासाराचं दुकान मागं पडलं तरी त्यांनी तिकडं पाहिलंही नव्हतं.

वामनरावांचं बंदुकांचं दुकान बोळाच्या टोकाला होतं. दुकानामागं अंगण आणि अंगणापलीकडं उंच भिंत. त्या भिंतीत एक खिळा ठोकलेला होता. गिऱ्हाइकानं रिकामी बंदूक घ्यायची, खांद्याला लावायची आणि खिळ्यावर धरून पाहायची, हा तिथला जुना रिवाज.

रुपरावांनी पहिली बंदूक उचलली, उजव्या गालाला लावली आणि सवयीनं डावा डोळा मिटला. समोर ना खिळा, ना भिंत.

"जड आहे," ते ठसक्यात म्हणाले.

दुसरी हलकी निघाली. तिसरीचा घोडा घट्ट. चौथीची नळी त्यांना बसकी वाटली. वामनराव शांत माणूस, पण त्यांनीही कपाळाचा घाम पुसला.

"रुपरावजी, आता तर मले वाटून राहिलं की खिळाच बदलावा लागते."

तेवढ्यात रुपरावांच्या चांगल्या डोळ्याला कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. "ते काय आहे गा?"

"ते नका पाहू, जी. बालाघाटकडल्या एका मालगुजाराची शिकारीची रायफल. जुना विलायती माल, नळी अजून लखलखीत. पण त्या बाबानं दस्ता पाहा कसा करून घेतला!"

गोणपाट निघालं. मूळचा दस्ता, खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, कापून त्याच्या जागी शिसवीचा बसवला होता, सांध्याला पितळेची पट्टी. मानेपाशी तो असा काही उजवीकडे वळला होता की नळी एकीकडे आणि दस्ता दुसरीकडे. भांडून बसलेल्या जावाच जणू. पण सुतारानं काम मन लावून केलं होतं.

"जो येते तो हसून जाते," वामनराव म्हणाले. "खांद्याले उजव्या लावा, तर नळी येते डाव्या डोळ्यापुढे."

रुपरावांनी ती हातात घेतली. त्यांनी बोल्ट मागं ओढून ती रिकामी असल्याचं पाहिलं आणि उजव्या खांद्याला लावली. जन्मभराच्या सवयीनं गाल लाकडावर टेकला. आणि डाव्या डोळ्यासमोर नळीवरची माशी, नेम धरायचा तो टोकाचा बारीक उंचवटा, खाचेत येऊन उभी राहिली, माशीच्या टोकावर तो खिळा. खिळ्याचं गंजलेलं डोकंसुद्धा दिसलं. हात डुलला नाही. वर्षभरानं त्यांचा खांदा, त्यांचा हात आणि त्यांची नजर एका जागी आली होती. ती खाली ठेवावी असं त्यांना वाटेना.

"हेच पाहिजे," ते म्हणाले.

वामनराव हसले. "मजाक करता काय? अहो, मालगुजाराचा उजवा डोळा गेला होता, म्हणून त्यानं हे सोंग करून घेतलं. दोन्ही डोळे धड असलेल्या माणसानं हिचं काय करावं? ज्याचा डोळा..."

वामनराव मधेच थांबले. ते रुपरावांच्या तोंडाकडे पाहू लागले. दुकानाच्या उंबऱ्यावर गोपिकाबाई उभ्या होत्या.

आता रुपरावांपुढं सरळ दोन वाटा होत्या. भिंतीवर टांगायला शोभेची वस्तू नेतो, असं म्हणून सुटता आलं असतं. जीभ तेवढी तयारच होती. पण मग ती भिंतीवरच राहिली असती आणि मचाणावर चंद्रभान. ही रायफल घेऊन मचाणावर बसायचं तर डोळा गेला हे कबूल करायचं. इतके दिवस ज्या गोष्टीला ते रानडुकरापेक्षा जास्त भ्याले, ती बोलायला चार शब्द पुरणार होते. त्यांना स्वतःचाच राग आला. आपण कोण, आणि घाबरतो कशाला!

"मायाही उजवा गेला, वामनराव," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तुरीची काडी लागली. त्यानं काही दिसत नाही. बांधून द्या ही. आणि लायसनवर चढवा."

बोलून झाल्यावर त्यांना उंबऱ्याकडे पाहायचा धीर होईना. तरी पाहिलं. गोपिकाबाई रडत नव्हत्या, दचकल्याही नव्हत्या.

"तुले... तुले माहीत होतं?"

"उजवीकडली भाजीची वाटी दोनदा लवंडली तुमच्या हातून, अन् पाट हलला म्हनून पाटावरच रागावले तुम्ही," गोपिकाबाई म्हणाल्या. "तवापासून भाजी डाव्या अंगाले वाढून राहिली मी."

रुपरावांना वर्षभराची सगळी ताटं आठवली. जावयासमोरचं आठवलं, आज सकाळचंही आठवलं. त्यांनी बायकोला म्हातारी ठरवलं होतं. एवढा मोठा शिकारी, पण स्वतःच्या ताटात काय चाललंय ते त्याला दिसलं नव्हतं.

"मंग बोलली काहून नाही वं?"

"तुम्ही सांगान म्हणून थांबली."

वामनराव कागद शोधायच्या निमित्तानं आत निघून गेले.

बोळाबाहेर आले तेव्हा रुपरावांच्या खांद्यावर गोणपाटात बांधलेली रायफल होती आणि चाल पुन्हा पहिल्यासारखी ऐटदार. गोणपाटातूनही दस्त्याचा वाक दिसत होता, लोक वळून पाहत होते. पाहू देत. गावात चावडीवर सगळ्यांत आधी आपणच सांगायचं, आणि चंद्रभानला यंदा सोबतीला बसवून शिकवायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

रस्त्यावर रिक्षांची गर्दी होती. गोपिकाबाई नेहमीप्रमाणे दोन पावलं मागं राहिल्या. रुपराव थांबले.

"मागं नको," ते म्हणाले. "उजव्या अंगानं चाल माया. तिकडचं मले दिसत नाही."

गोपिकाबाई उजवीकडे आल्या. मागून घंटी वाजली तेव्हा त्यांनी नवऱ्याचं कोपर धरून त्याला बाजूला ओढलं, आणि कासाराचं दुकान आल्यावर बांगड्या भरायला रुपराव आपणहून थांबले.