वहीतलं बारीक अक्षर

धाकटी जाऊ मेंदूची डॉक्टर आणि मी फिजिओथेरपिस्ट. सासऱ्यांच्या तोंडी मात्र ती ‘आमची डॉक्टर सून’ आणि मी ‘मालीशवाली’. गमतीने म्हणतात, पण लागायचं ते लागतंच. खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळते.

सहा महिने सासऱ्यांचा आखडलेला उजवा खांदा माझ्या हाती होता. रोज सकाळी पलंगाच्या कडेला बसवून हात वर न्यायचा, कोन मोजायचा. व्यायाम कोणता आणि किती वेळा केला ते त्यांनीच वहीत लिहायचं, हा माझा नियम. मी लिहिलं की पेशंट आळशी होतो. हात आता कानापर्यंत जात होता. घरात कोणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, ते सोडा.

मग धाकटी दोन दिवसांसाठी आली. सासरे दारापासून खुर्चीपर्यंत चालत गेले, तेवढ्यात तिने विचारलं, “बाबा, चालताना उजवा हात हलत नाही का तुमचा?” झालं. माझ्या पोटात दुखायला लागलं.

तिने त्यांना बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं आणि नंतर मला स्वयंपाकघरात गाठलं.

“ताई, मला पार्किन्सनची शंका येतेय. पण हात थरथरत नाही, आणि खांदा दुखत असला तरी माणूस हात असाच धरून ठेवतो. तुम्ही रोज बघता. तुम्ही खांदाच म्हणालात तर सहा महिने थांबू.”

अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने मला काही विचारलं होतं. “खांदाच आहे,” मी म्हणाले. काय बरं वाटलं म्हणून सांगू.

संध्याकाळी वही तपासायला घेतली तर आजची ओळ चष्मा लावूनही वाचता येईना. मागची पानं उलटली. पहिल्या पानावर अक्षर वाटाण्याएवढं होतं. दर महिन्याला ते बारीक होत होत आता मोहरी झालं होतं. रोज त्याच ओळीखाली मी सही केली होती. कोन बघत होते, अक्षर बघितलंच नव्हतं.

वही कपाटात टाकली असती तर कुणाला कळणार होतं? धाकटी सकाळी निघणार होती. शेवटी जाऊन वही तिच्या बॅगेवर आदळली.

“घे. मी चुकले.”

तिने पहिलं आणि शेवटचं पान शेजारी शेजारी धरलं. “ताई, मला हेच हवं होतं. पार्किन्सनमध्ये अक्षर असंच बारीक होत जातं. आता गोळी सुरू करू. तुमचा व्यायाम मात्र थांबवू नका.”

गोळी लागू पडली. काही आठवड्यांत सासरे शर्टाची बटणं स्वतः लावू लागले. फोनवर सगळ्यांना सांगतात, “धाकटीने दारातच ओळखलं.” वहीचं नाव नाही. मी तिथेच त्यांचा हात धरून उभी असते.

आता वहीत मी दोन बोटांच्या अंतराने रेघा आखून देते. अक्षर वरच्या रेघेला टेकलं पाहिजे. काल म्हटलं, “बाबा, मनाने एक वाक्य लिहा.”

त्यांनी विचार करून लिहिलं, ‘धाकटी फार हुशार आहे.’ शेवटचे दोन शब्द बारीक झाले होते.

“हेच परत लिहा,” मी म्हणाले. “मोठं.”