चमकीची राखण

रेणूनं बोटाच्या टोकावर चमकी घेतली अन् हात तसाच हवेत धरून उभी राह्यली. म्होरं खुर्चीत बिरू डोळे मिटून बसल्ता. तिचा सासरा. पटका मांडीवर, अन् खुर्चीचे दोन्ही दांडे असे गच्च धरलेले, जसं काय दाढ उपटायचीय.

“मामा, लावू का?”

“लाव म्हणलं ना. कवापस्तोर बसू?”

“तोंडाला हात लागंल तुमच्या.”

“मंग काय काठीनं लावतीस?”

दारात जयवंताबाई बसल्ती, बिरूची बायको. डोळ्याला दवाखान्याचा काळा चष्मा. तिला दिसत व्हतं ते चष्म्यातून अर्धंमुर्धंच, पण हसायला तेवढं पुरं झालं.

“लाव गं, रेणे. चावत न्हाई तो. मेंढराला चावला न्हाई कधी, तुला काय चावतो?”

अकरा वर्सं झाल्ती रेणूला या घरात येऊन. सासरा दारातून आत आला की डोक्यावर पदर, अन् काय सांगायचं ते भिताडाकडं बघून सांगायचं. बिरूचंबी तसंच. सुनंच्या तोंडाकडं त्यानं कधी सरळ नजर टाकली न्हाई. भाकर मागायची तर चुलीला मागितल्यावाणी मागायचा. कुणी कुणाला असं वाग म्हणून सांगितलं नव्हतं. घरात तसंच चालत आल्तं. अन् आता त्याच सुनंनं त्याच सासऱ्याच्या पापणीला बोट लावायचं व्हतं.

त्याला कारण व्हतं शहागडचं लगीन. परवावर आल्तं. नवरी प्रियदर्शनी, मांडव नदीकाठच्या मोकळ्या मैदानात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा, अन् एप्रिलातलं ऊन. नवरी सजवायचं काम रेणूकडं व्हतं. तीर्थपुरीत घराच्याच म्होरल्या खोलीत तिचं पार्लर. तीन वर्सं बरं चाललं. पण गेल्या महिन्यात गावातल्या साक्षीच्या लग्नात घोळ झाला. साक्षीच्या पापण्यांवर लावलेली चमकी मंगलाष्टकं सरायच्या आत गळून गालावर आली. कुणीतरी व्हिडिओ काढला अन् गावभर फिरवला. मंग चार घरच्यांनी फोन करून सांगितलं, आमी दुसरीकडं बघून राह्यलो. एकट्या प्रियदर्शनीच्या आईनं म्हणलं, “पोरी, एकदा चुकलं म्हणून काय झालं? तू ये.” त्या बाईच्या तेवढ्या बोलण्यावर रेणू महिनाभर उभी व्हती. परवाबी तसंच झालं तर शटर ओढून घ्यायचं अन् रोजानं कामाला जायचं, एवढंच उरलं व्हतं.

तिनं जालन्याहून तीन नव्या डब्या आणल्या. आयशॅडोवर वरून लावायची चमकी. दुकानदार तिला टॉपर म्हणत व्हता. तिन्ही तिनं आपल्या मनगटावर लावून पाह्यल्या. गुलाबी चमकी डबीतच बरी दिसायची, सावळ्या कातडीवर चुलीतली राख फासल्यावाणी झाली. हिरवट व्हती ती ट्यूबलाइटखाली झकास, पण अंगणात नेली तर शेणमाशीच्या पाठीवाणी. तिसरी तांबूस सोनेरी. ती चिंचेनं घासलेल्या तांब्यावाणी उजळली, अन् बोटानं जराशी पसरली की कुठं सुरू झाली अन् कुठं सरली ते कळंना. रंग ठरला. राह्यलं टिकायचं. पंख्याखाली काय, काहीबी टिकतं. उन्हात, घामात, धुराळ्यात टिकतं का ते बघायला तशी पापणी पाहिजे व्हती. तिचा नवरा बिभीषण ट्रक घेऊन हैदराबादकडं गेल्ता. एरवी असल्या कामाला जयवंताबाई हक्काची. तिच्या व्हटांवर रेणूनं बारा रंगांच्या लिपस्टिका लावून शेतात धाडलं व्हतं. पण मोतीबिंदू काढून अठरा दिवस झाल्ते, डॉक्टरनं डोळ्याला पाणीसुद्धा लावू देलं नव्हतं.

तवा काल सांजच्याला अंगणात पाय धुताधुता बिरू एकदम म्हणला, “माझ्या डोळ्याला काय झालंय? म्या तर दिवसभर उन्हातच ऱ्हातो.”

घरातल्या दोघी बाया एकमेकींकडं बघतच राह्यल्या. हाच बिरू. पार्लर काढलं तवा दोन महिने म्होरला रस्ता सोडून मागच्या बोळानं मेंढरं नेत व्हता. पण रेणूनं सासूला घेऊन जालन्याच्या तीन खेपा केल्या. दिवसातून चारदा, मोबाईलात घंटी लावून, तिच्या डोळ्यात थेंब घातले. परवा जयवंताबाईनं तांदळातला खडा आपला आपण काढून बिरूच्या हातावर ठेवला. तो खडा बिरूनं बराच येळ बघितला अन् अंगणात फेकून देला.

रेणूनं एकदाचं बोट टेकवलं. पापणी वाळल्या चिंचोक्यावाणी कडक अन् सुरकुतलेली. तिनं आधी उजवीकडं ब्रशनं चमकी फिरवली.

“घासू नको,” बिरू मिटल्या डोळ्यांनी म्हणला.

“काय?”

“मेंढीला खुणेचा रंग कसा लावतेत? लोकरीला तेल असतंय. कोरडा रंग घासला की दुसऱ्या दिवशी झडतो. आधी जागा पुसून घ्यायची. मंग अंगठा वला करायचा, रंग घ्यायचा अन् दाबायचा. दाबायचा न् सोडायचा. घासायचा न्हाई.”

“मामा, ही नवरी हाय. मेंढी न्हाई.”

“कातडंच हाय ना?”

जयवंताबाई पुन्हा हसली. रेणू मातर हसली न्हाई. तिनं डावी पापणी कापसानं पुसून घेतली, बोट वलं केलं, चमकी उचलली अन् दाबली. सोडली. पुन्हा दाबली. कडा तेवढ्या करंगळीनं हलक्या हातानं मिसळून घेतल्या. डावीकडचा रंग उजवीपेक्षा दाट बसला.

“झालं. आता दिवसभर पुसायचं न्हाई बरं का, मामा. संध्याकाळी मला परत बघायचंय.”

“बरं,” बिरू म्हणला अन् पटका गुंडाळून उठला.

रस्त्यात कडूबा भेटला. जोडीला मेंढरं राखणारा, तोंडाळ गडी. दारातल्या दोघींना त्याचा आवाज बराबर आला.

“आबा! कुण्या गावचं स्थळ बघाय चाललास?”

“गप मेंढरं हाक,” बिरूचा आवाज आला.

सांजच्याला बिरू आला अन् न सांगता सरळ पार्लरातल्या खुर्चीत जाऊन बसला. डोळे मिटले. रेणूनं लाईट लावला, वाकली. उजवी पापणी सकाळी केल्ती तशीच. डावीबी तशीच. कण हालला नव्हता. तिनं बोटानं गाल पुसून पाह्यला, बोटाला काही लागलं न्हाई.

“आत्या! दोन्हीबी राह्यलंय! ब्रशनं लावलेलंबी राह्यलंय!”

“मंग झालं की काम,” जयवंताबाई म्हणली.

रेणूला श्वास सुटल्यावाणी झालं. ब्रशनं काम निम्म्या वेळात व्हतं. लग्नघरात नवरीच्या मागं आई, करवल्या, मावश्यांची रांग असती, एकेकीला बोटानं दाबत बसायला कुणाला सवड? तिनं मोबाईल घेतला अन् प्रियदर्शनीला आवाजातच निरोप सांगू लागली.

“ताई, बिलकुल काळजी करू नका. चमकी म्या बघून घेतलीय. आमच्या मामांनी दिवसभर उन्हात मेंढरं राखली, तरी जागची हालली न्हाई. आपण ब्रशनंच—”

बिरू खोकला. मंग पुन्हा खोकला.

“पोरी, थांब जरा.”

रेणूनं निरोप न धाडताच मोबाईल खाली केला.

“म्या उन्हात गेलो न्हाई.”

“म्हणजे?”

“पाटाकडंच्या लिंबाखाली बसलो व्हतो. सकाळपून. मेंढरं कडूबानं राखली.” बिरू खाली फरशीकडं बघून बोलत व्हता. “तोंडाला पाणी लावलं न्हाई. भाकर खाताना धुराळा आला तर तोंडावर पटका धरला. झोप येत व्हती, पण तोंड घासंल म्हणून बसूनच राह्यलो.”

“अहो पण का?”

“तू म्हणलीस ना, संध्याकाळी परत बघायचंय. कुणी आपलं मेंढरू राखायला देलं तर जसं देलं तसंच माघारी द्यावं लागतं. पाय मोडलेलं कसं देऊ?”

रेणूनं मोबाईल बाजूला ठेवला.

मंग जयवंताबाईचं तोंड सुटलं. “अरे माझ्या देवा! पोरीनं तुला उन्हात जाया लावलं तर हा नवरदेव लिंबाखाली! परवा तिचं तोंड काळं झालं असतं, तवा काय पटका धरला असतास? आयुष्यात एक दिवस सावलीत बसला तो नेमका आजचा!”

“आत्या, ऱ्हाऊ द्या,” रेणू म्हणली. तिला हसू फुटलं. असं फुटलं की ती दुसऱ्या खुर्चीत बसलीच. हसताहसता पदरानं डोळे पुसू लागली अन् पुसणं काही सरंना. दिवसभर हा माणूस न झोपता, तोंड न धुता, तिची चिमूटभर चमकी पापणीवर धरून बसल्ता. तिच्या बापानंबी तिच्यासाठी असं केलं नसतं.

“चिडलीस?” बिरूनं फरशीलाच विचारलं.

“न्हाई, मामा. सांगितलंत ते लई बरं केलंत.” तिनं नाक पुसलं. “उद्या म्याबी येते मेंढरांमागं.”

दुसऱ्या दिवशी पार्लरला कुलूप लागलं. रेणूनं बिरूच्या उजव्या पापणीला ब्रशनं लावलं, डाव्या पापणीला वल्या बोटानं दाबून. आपल्या दोन्ही पापण्यांना तिनं बोटानंच दाबून लावलं. कडूबा रस्त्यात उभाच व्हता. दोघांची चमकलेली तोंडं बघून त्यानं तोंड उघडलं, पण एवढ्या मोठ्या गमतीला कुठून हात घालावा ते त्याला सुचंना. तो नुसताच “रामराम” म्हणला.

पाटाच्या कडंनं, कापूस निघालेल्या वावरांतून मेंढरं पांगली. कापसाच्या पळाट्या वाळून कोळसा झाल्त्या. अकरा वाजले न् वारं बंद पडलं. मेंढरांच्या खुरांनी उडालेली माती तिथंच तरंगत राह्यली. रेणूच्या मानंवरून घाम पाठीत उतरला, कपाळावरून भुवयांत आला, भुवयांतून डोळ्यांत. पुसावं वाटलं तरी ती हात पाठीमागं बांधून चालली. मधूनच तिला वाटायचं की गालावर काही सांडलं. एका बांधावर पाय घसरला, मेंढरू आडवं आलं, पदर खांद्यावर आला. तिनं तो वर घेतला न्हाई. कापड घासलं असतं.

साडेबाराच्या सुमाराला बिरू थांबला. मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून उभी राह्यल्ती.

“बघ,” म्हणून त्यानं उन्हातच डोळे मिटले.

रेणूनं पाह्यलं. उजवीकडची चमकी घामाबरोबर वघळून गालाच्या सुरकुत्यांत उतरली व्हती. साक्षीवाणीच, अगदी तशीच. डाव्या पापणीवर मातीचा थर बसल्ता. तिनं हळूच फुंकर मारली. खालचा तांबूस रंग जागचा हालला नव्हता.

“ब्रशचं गेलं, मामा. तुमच्या अंगठ्याचं राह्यलं.”

“म्या काय म्हणत व्हतो?”

“तुमचं कातडं पडलं कोरडं. माझ्या डोळ्याला घाम लई. नवरीचंबी माझ्यावाणीच. माझं कसं झालंय ते कळायला पाहिजे.” रेणूनं मोबाईल काढला. ऊन इतकं व्हतं की काचंत नुसता काळा चौकोन दिसला. तिनं हातानं सावली धरून पाह्यली, तरी काही दिसंना. आजूबाजूला दुसरं कुणी नव्हतं. कडूबा पार पुलाकडं गेल्ता.

“मामा,” ती म्हणली, “तुमालाच बघावं लागंल.”

असं म्हणून तिनं डोळे मिटले अन् तोंड वर केलं.

बिरूनं आधी मेंढरांकडं बघितलं. मंग पाटाच्या पाण्याकडं. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मंग तो एक पाऊल म्होरं आला अन् वाकला. रेणूला त्याच्या श्वासाचा तंबाखूचा वास आला. ती तशीच उभी राह्यली. बिरूनं आधी एक पापणी बघितली, मंग दुसरी.

“गेलं का, मामा?”

“हाय.”

“दोन्हीकडं?”

“दोन्हीकडं हाय. कडंलाबी फुटलं न्हाई. गाल साफ हाय.”

“नीट बघितलं ना? परवाचं... उद्याचं लगीन हाय, मामा. तुमच्या शब्दावर जाणार म्या.”

“नीट बघितलं. बराबर हाय.”

रेणूच्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तिला डोळे उघडावे वाटंनात. मिटल्या डोळ्यांतच तिला शहागडचा मांडव दिसला अन् त्या नवरीची आई.

“ही भुवईत खूण कशाची?” बिरूनं विचारलं.

“कुठली? ती व्हय. लहानपणीची. माहेरी जात्याचा खुटा लागल्ता. चार वर्सांची असंल म्या.”

“टाके घातल्ते?”

“न्हाई. आईनं हळद दाबली व्हती.”

“अस्सं,” बिरू म्हणला. कुठंतरी एक मेंढरू शिंकलं. “अकरा वर्सं झाली. दिसली न्हाई कधी.”

रेणूनं डोळे उघडले. बिरू अजून तिच्याकडंच बघत व्हता.