शनिवारचा पंजा

दर शनिवारी सकाळी मी बेकन तळून खायचो आणि मुद्दाम हात धुवायचो नाही. तसाच चरबीनं माखलेला उजवा पंजा सांभाळत मर्ल हडस्पेथच्या ट्रेलरपाशी जायचो आणि दाराशेजारच्या पत्र्यावर पाची बोटं पसरून दाबायचो. मग मेस्कीटच्या झाडामागं लपून मजा बघायची.

मर्ल बाहेर यायचा. म्हातारा, उंच, पँटला गॅलिस लावलेले. पंजा दिसला की आधी डोळे मिटायचा, देवाकडं सहनशक्ती मागितल्यासारखा, आणि मग सुरू व्हायचा.

"डॅरेल! डुकराच्या पिल्ला! जन्मलास तेव्हाच बादलीत बुडवायला हवं होतं तुला! हात तोडून कुत्र्याला घालीन तुझा! मर तिकडं! आत ये, कॉफी झालीय!"

दर शनिवारी हेच, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

मी बेन्सन गावाबाहेरच्या आमच्या ट्रेलर पार्कात, चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, लोकांचे कूलर दुरुस्त करतो. तो पोटाचा धंदा. खरा धंदा खोड्यांचा. एकदा मर्लच्या ट्रेलरवर मी 'विकणे आहे' अशी पाटी लावली होती. टेक्सासचा एक जाडा माणूस सरळ आत शिरला आणि गादी कशी आहे बघायला बुटांसकट आडवा झाला. मर्लची बायको नेल्डा तेव्हा केसांना रोल लावून तिथंच बसली होती. तिनं त्याला तव्यानं बाहेर काढलं आणि मग तोच तवा घेऊन माझ्यामागं लागली.

पण पाटी काय, पंजा काय, सगळं त्या ट्रेलरवरच का? कारण मर्लचा जीव त्याच्यात होता. पन्नासच्या दशकातला, गोलाकार, विमानासारखा रिव्हिट मारलेला ॲल्युमिनियमचा डबा. शाळेच्या बसचा मेकॅनिक म्हणून रिटायर झाला, आणि तेव्हापासून हा माणूस त्याला घासतोय. उन्हं पत्र्यावर यायच्या आत पॉलिशच्या मशीनला लोकरीचं चाक लावायचं, तपकिरी मलम घ्यायचं आणि एक पत्रा धरायचा, या रिव्हिटच्या ओळीपासून त्या ओळीपर्यंत. पत्र्यातून काजळीसारखं काळं निघतं. ते मैदा शिंपडून मऊ फडक्यानं पुसायचं. तापल्या पत्र्याला हात लावायचा नाही, मलम वाळून चिकटतं. हे सगळं त्यानं मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन. शेवटी डबा असा झाला होता की त्याच्यात बघून दाढी करावी. कोरड्या नाल्यापलीकडच्या टेकडीवरून बघितलं तरी पार्कात एक सूर्य खाली पडल्यासारखा दिसायचा.

मर्ल रोज सकाळी त्या टेकडीपर्यंत चालत जायचा. डोक्याचा घोळ सुरू झाल्यावरही जायचा. मुलीचं नाव विसरला, काट्यानं सूप प्यायला लागला, पण फिरायला जायचाच. मी नेल्डाला म्हणालो, "अगं, एकटा सोडतेस त्याला?"

"चमक दिसली की येतो बरोबर," ती म्हणाली. "बायको विसरेल, ट्रेलर नाही विसरायचा."

मग एका शनिवारी मी पंजा उमटवून झाडामागं उभा राहिलो. मर्ल बाहेर आला. पंजा बघितला. डोळे मिटले नाहीत. शिव्या नाहीत. हळूच मागं सरकला आणि मला हाक मारली. झाडामागं मीच असणार एवढं त्याला अजून कळत होतं.

"डॅरेल, हळू ये. तो आतून भिंतीला हात लावून उभा आहे."

"कोण?"

"म्हातारा. बघ ना, माझ्याकडंच बघतोय."

मी हसलो. सवयीनं. मग पत्र्यात बघितलं तर तिथं मर्ल होता आणि त्याच्या मागं मी, तोंड उघडं टाकून हसणारा. मी बाहीनं पंजा पुसला. कॉफी त्या दिवशी झाली नव्हती.

पुढं तो म्हातारा रोज दिसायला लागला. आधी मर्लनं त्याच्यासाठी बाहेर बशीत बिस्किट आणि बीन्स ठेवले. मग ओरडायला लागला, "निघ माझ्या घरातून!" नेल्डानं आतले आरसे काढून पलंगाखाली टाकले. पण घरच बाहेरून आरशाचं, त्याचं काय करणार? चादरी बांधल्या, वाऱ्यानं त्या कुंपणावर नेऊन टाकल्या. पॉलिशचं सामान तिनं त्याआधीच कुलपात घातलं होतं, कारण मर्लनं मलम लोणी समजून पावाला लावलं होतं आणि अर्धा पाव संपवलाही होता. त्यामुळं दिवसभर हाताला काम नाही, आणि बाहेर आलं की समोर तो.

शेवटी त्यानं त्या म्हाताऱ्याला पाना फेकून मारला. पत्र्याला पोचा पडला. पाना उलटून आला तो नेल्डाच्या भुवईवर.

टाक्यांचं कळल्यावर त्यांची मुलगी जॅनिस फिनिक्सहून आली. रागीट नाही बिचारी, थकलेली. "मम्मा, अजून एकदा असं झालं, तर मी बाबांना टूसॉनला ठेवणार. असल्या म्हाताऱ्यांच्या कुलपाच्या वॉर्डात. तू रड, ओरड, मी ठेवणार."

ती गेल्यावर नेल्डा माझ्या दारात आली. हातात भांडी घासायच्या हिरव्या काथ्यांची पिशवी.

"डॅरेल, तुझ्याएवढा नालायक माणूस या पार्कात दुसरा नाही."

"मनापासून आभार."

"म्हणून तुलाच सांगते. त्याची चमक घालव."

मी पिशवीकडं बघितलं. "नेल्डा, वरचा चांगला थर कागदासारखा पातळ असतो. एकदा ओरबाडला की परत येत नाही."

"मला शिकवतोस? नवऱ्याकडून ऐकलंय मी ते, गरोदर होते तेव्हापासून ऐकल्यासारखं वाटतंय." मग तिचा आवाज बसला. "तो म्हातारा गेला पाहिजे रे. नाहीतर माझा म्हातारा जाईल."

मर्लला चर्चच्या लोकांनी जेवायला नेलं होतं, त्या दुपारी आम्ही ते केलं. मी टपावरून सुरुवात केली, नेल्डानं दाराकडून. आयुष्यात इतक्या वस्तू बिघडवल्या, प्रत्येक वेळी पोटात गुदगुल्या व्हायच्या. त्या दिवशी काथ्या पत्र्यावर करकरत होता आणि दात आंबल्यासारखे झाले होते. दाराशेजारी, माझ्या पंजाच्या जागी, नेल्डा पोचली तेव्हा थांबली. तिथं तिचा चेहरा होता, टाक्यांसकट. मग तिनं तोही घासून टाकला.

संध्याकाळ व्हायच्या आत डबा राखेच्या रंगाचा झाला.

मर्लला गाडीनं अगदी दारापर्यंत आणलं. त्यानं वर बघितलंच नाही, सरळ आत गेला, खुर्चीत बसला, टिनमधले पीच खाल्ले. दुसऱ्या दिवशी बाहेर बसला. ओरडला नाही. नेल्डानं त्याला फेरीला जाऊ दिलं नाही, पायाशी बसवून शेंगा सोलत ठेवला. आठवडाभर शांतता. नेल्डा गुणगुणायला लागली. मला म्हणाली, "मेल्या, तुझे हात पहिल्यांदा सत्कारणी लागले." मी खूष होऊन तिच्या बादलीत रबरी साप टाकला.

मग एका सकाळी तिचा डोळा लागला खुर्चीतच, आणि मर्ल त्याच्या रोजच्या फेरीला निघून गेला.

आम्ही नाला पालथा घातला. माणसं हाका मारत हिंडत होती. मी टेकडीवर चढलो, मर्ल जिथून परत फिरायचा त्या दगडापर्यंत, आणि तिथून पार्काकडं बघितलं. ट्रेलर होते, भुरे, पांढरे, मळकट. मर्लचा कुठला ते मला चटकन सापडेना. माझी ही गत, तर त्याची काय झाली असेल. मग पलीकडं, हायवेवरच्या ट्रक थांब्याकडं, उन्हात काहीतरी लख्खकन चमकलं.

मी खाली धावत सुटलो.

तिथं दुधाचा टँकर उभा होता, स्टीलचा, आरशासारखा. मर्ल उघडाबंब होता. शर्ट काढून त्याचं फडकं केलं होतं आणि तो टँकर पुसत होता, गोल गोल, एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत. ड्रायव्हर, तरुण सरदारजी, पाण्याची बाटली धरून शेजारी उभा.

"तुमचे वडील का?" तो म्हणाला. "पत्रा तापलाय, हात भाजतायत त्यांचे. मी थांबवायला गेलो तर म्हणाले, माझ्या घराला हात लावू नकोस."

"मर्ल," मी म्हणालो. "चल, घरी जाऊ."

"घरीच आहे मी." त्यानं माझ्याकडं परक्या माणसाकडं बघतात तसं बघितलं, आदबीनं. मग पत्र्यातल्या म्हाताऱ्याकडं बोट केलं. बोटाला फोड आला होता. मला वाटलं, आता ओरडणार.

"चांगला माणूस आहे," मर्ल म्हणाला. "बघा ना. मी इकडून पुसतो, तो तिकडून पुसतो. थकत नाही बिचारा."

नेल्डाच्या कुलपातलं एक फडकं. एवढंच द्यायला हवं होतं त्याला.

मर्ल पुढं सरकला आणि थबकला. जिथं त्यानं आधारासाठी हात टेकला होता, तिथं पत्र्यावर पंजा उमटला होता, घामाचा, पाची बोटं स्वच्छ. त्यानं डोळे मिटले.

"डॅरेल," तो म्हणाला. "डुकराच्या पिल्ला." मग माझ्याकडं वळून, "तुम्ही ओळखता का हो त्याला? इथंच कुठंतरी लपलेला असतो."

"ओळखतो," मी म्हणालो.

"भेटला तर सांगा, हात तोडीन."

"सांगतो."

शेरीफचा माणूस आला, ॲम्ब्युलन्स आली, आणि अंधार पडायच्या आत जॅनिस आली. आईवर आवाज चढवला नाही तिनं. मर्लच्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडं बघितलं आणि कपड्यांची बॅग भरायला घेतली. नेल्डा म्हणाली, "मी कुलूप काढते, सामान देते त्याला, घासू दे दिवसभर, मी शेजारी बसेन." जॅनिस म्हणाली, "काय घासणार मम्मा? राहिलंय का काही?"

टूसॉनच्या त्या वॉर्डात आरसा नाही कुठं. नेल्डा सांगते, तो पट्ट्या निघाल्यापासून जेवणाच्या टेबलावर तळवा फिरवत असतो, गोल गोल. टेबल प्लास्टिकचं आहे.

शनिवारी मी बेकन तळलं. खाल्लं नाही, नुसता हात बरबटून घेतला. मर्लच्या ट्रेलरपाशी गेलो, दाराशेजारी पंजा दाबला, काढला. राखाडी पत्र्यावर काहीच दिसत नव्हतं. मान तिरपी करून उन्हात बघितलं, तरी नाही. जायला वळलो तेवढ्यात दार उघडलं.

नेल्डा गाऊनमध्येच बाहेर आली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. त्या जागेवर फडकं फिरवलं, एका रिव्हिटच्या ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंत, सावकाश.

"डॅरेल," ती म्हणाली. आवाज पार बसलेला. "डुकराच्या पिल्ला. जन्मलास तेव्हाच बादलीत बुडवायला हवं होतं तुला. हात तोडून कुत्र्याला घालीन तुझा. मर तिकडं."

मी झाडापाशी उभा राहिलो, पुढचं वाक्य येईल म्हणून.

ती आत गेली आणि दार लावून घेतलं.