जोडीचा उंदीर

बल्गेरियातल्या आमच्या प्लोवदिवच्या प्रयोगशाळेत कॅन्सरची गाठ झालेल्या प्रत्येक उंदरामागे एक धडधाकट उंदीर असतो. आजाऱ्याने आज जेवढं खाल्लं, तेवढंच उद्या त्या धडधाकटाला तोलून घालायचं. त्याला आम्ही जोडीचा म्हणतो. नाव जोडीचा, पण बिचारा पिंजऱ्यात एकटाच. दोघांना एकत्र ठेवलं तर कोणी किती खाल्लं ते कळणार कसं?

माझी बायको स्नेझा पोटाच्या कॅन्सरने अंथरुणाला खिळली, तेव्हा सासूबाई शेजारणींदेखत म्हणाल्या, "जावईबापू, उंदरांना तोलून-मापून घालता, मग माझीच पोर उपाशी का? तुमचं हे सूप कुत्रं तरी तोंडाला लावेल का?"

फार झोंबलं मला. पण सूप बेचवच होतं, खोटं कशाला बोलू? मग त्या स्वतः पुदिना घालून घेवड्याचं सूप आणू लागल्या. स्नेझा एक चमचा घ्यायची आणि मान वर करून 'च्' करायची, म्हणजे आमच्याकडचं 'नको', की संपलं जेवण. पुढे शरद लागला, गल्लीत साठवणीच्या ढोबळ्या मिरच्या भाजायला सुरुवात झाली. दरवर्षी त्या धुरात उभी राहून मिरच्या भाजता भाजता अर्ध्या गल्लीशी भांडणारी माझी बायको, वास सोसत नाही, खिडकी लाव म्हणाली.

तिच्यासमोर पोटभर खाणं माझ्या जिवावर येई. ती खाईल तेवढंच खाऊन मी उठायचो.

"जोडीचा झालास की रे, राद्को!" ती म्हणाली. हसली, आणि हसण्यानेच दमली.

माझी विजार सैल झाली. तिच्या बोटात मात्र अंगठीच राहीना. मिरच्यांचा हंगाम सरायच्या आत ती गेली.

थडग्यापाशी आमच्या रीतीप्रमाणे उकडलेले गहू वाटून झाले, तशा सासूबाई जवळ आल्या. आवाजात नेहमीची धार नव्हती.

"खरं सांगा, मी आधीच आले असते तर? सुरुवातीपासून माझ्या हातचं खाल्लं असतं तर?"

"आई, जोडीचा उंदीर तेवढंच खातो, पण वजनाने थोडाच उतरतो. आजारी मात्र झडत जातो. तो आजारच अंग खातो. तुमच्या सुपाचा दोष नाही, आणि माझ्याही नाही."

"म्हणजे कोणाचाच नाही?"

"कोणाचाच नाही."

त्यांना धीर येईल असं मला वाटलं होतं. त्या हमसून हमसून रडल्या. माझंही तेच झालं. दोष सुपाचा असता, तर निदान एखाद्या चांगल्या सुपाने ती वाचली असती.

घरी येऊन मी सूप गरम केलं, वाडग्यात वाढलं आणि चमचा हातात धरून बसून राहिलो. आता कोणाएवढं खायचं, तेच कळेना.