पाण्याला वाट नसलेला ट्रक

मी एक जुना ट्रक आहे. पण मित्रांनो, रस्त्यावर मी कधीच धावलो नाही. मी हातभर लांबीचा, फणसाच्या लाकडाचा नमुना आहे. माझी चाकं करवंटीची आहेत.

तारकर्लीचा सत्यवान मेस्त्री होड्या बांधायचा. गोवा मोकळा झाला त्या वर्षी एका मासळीच्या व्यापाऱ्याने त्याला ट्रकची बॉडी बांधायला सांगितली. सत्यवानाने ठरवलं, बांधायचा तर उद्याचा ट्रक बांधायचा. आधी त्याने मला घडवलं. टोकदार नाक, गुळगुळीत पाठ. अगदी बांगडा.

ट्रक चालवणार होता दत्ताराम, सत्यवानाची बहीण विमला हिचा नवरा. त्याने माझ्या खिडकीला डोळा लावला आणि तो हसत सुटला. ड्रायव्हरने पाठ कुठे टेकायची? अबोलीचा हार कुठे अडकवायचा? घाटाच्या पायथ्याशी नारळ काय या नाकावर फोडायचा? सत्यवानाने सीटमागे फळी बसवली, काचेच्या वर खुंटी ठोकली, नाक सपाट केलं.

मग दत्तारामाने माझ्या पोटात बोट फिरवलं.

"सत्यवान, बर्फाचा पाणी खंयसून जातला?"

मासळीच्या गाडीतून पाणी ठिबकतं. घाटावरचे लोक नाक दाबून ड्रायव्हरला शिव्या देतात. सत्यवानाला तेच थांबवायचं होतं. त्याने प्रत्येक सांध्यात कापूस ठासून राळ भरली होती.

"भावोजी, माझ्या होडयेत कधी थेंब इलो? मगे गाडयेतसून भायर कशाक जातलो?"

"होडी पाण्यार चलता रे. गाडी घाट चढता."

सत्यवानाला ते लागलं. दत्तारामानेही, सासुरवाडीत फार ताणू नये म्हणून, विषय सोडला.

मित्रांनो, इथे माझ्या कामाची वर्षं यायला हवीत. ती नाहीत. माझ्यावरून बांधलेल्या मोठ्या ट्रकलाही ती लाभली नाहीत. त्याची एकच खेप झाली. कट्टा गावच्या बाजारात माणसं वाकून बघत होती, खाली एक थेंब नाही. सगळ्यांनी सत्यवानाचं कौतुक केलं. फोंडाघाटात बर्फ वितळला. एका वळणावर आतलं सगळं पाणी एका अंगाला धावलं आणि ट्रक आडवा झाला.

दत्ताराम कोल्हापूरच्या दवाखान्यातून घरी आला तो उजव्या हाताशिवाय. सत्यवान भेटायला गेला आणि दारापुढच्या खळ्यातच उभा राहिला. विमलाने नेहमीसारखा चहा आणून दिला. तो त्याने तसाच खाली ठेवला. दत्ताराम एवढंच म्हणाला, "फुडच्या गाडयेक भोकां पाड."

पुढची गाडी झालीच नाही. सत्यवानाने मला माळ्यावर टाकलं. आता वाळवी माझी पाठ खाते आहे.

मला पुसून कपाटात ठेवा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, उद्याच्या गाड्या काढाल. त्या कागदावर असतानाच चालवणाऱ्याला बोलवा. त्याने काही विचारलं, तर हातातलं काम खाली ठेवा. दत्तारामाने पाण्याचं विचारलं त्या दिवशी सत्यवानाची लाकूड तासायची पटाशी क्षणभर थांबली होती, मित्रांनो. मी तिच्याखालीच होतो. मग ती पुन्हा चालू लागली.