तळ्यातला कॅमेरा

गाडी तळ्यात पडायच्या आधीच ग्लेनिस हसली.

तिचा नवरा विल्फ हसला नाही. टीव्हीच्या पडद्यावर तीन टोणगे बाप्ये शववाहिनीची आइस्क्रीमगाडी करून उतारावरून सुसाट निघाले होते, आणि त्यांच्या स्वागताला कॅमेरा आधीच तळ्यात कंबरभर पाण्यात उभा होता. ‘रविवारची रपेट’ हा गाड्यांचा विनोदी कार्यक्रम विल्फ कित्येक वर्षं बघत होता. या तिघांनी नुसतं बॉनेट उघडलं तरी हसता हसता त्याच्या नाकातून चहा यायचा. आज चहा मुकाट्याने पोटात गेला.

"काय झालं?" ग्लेनिसच्या सुया थांबल्या. एरवी गाड्यांचा आवाज आला की ती विणकाम घेऊन स्वयंपाकघरात जायची.

"कुठे काय? मस्त आहे."

पण बापाचं असंच सुरू झालं होतं. आधी तो आवडत्या विनोदांना हसेनासा झाला, मग चहात सॉस घालू लागला, आणि शेवटी विल्फला पोस्टमन समजून दारातूनच परत पाठवू लागला. नाताळात विल्फ स्वतः डेपोत कोसळला होता. अर्धं तोंड लोंबत होतं. ते जागेवर आलं, पण डॉक्टर ग्लेनिसला बाजूला घेऊन बरंच बोलले. तेव्हापासून बस चालवणं सुटलं, आणि रॉदरहॅमच्या त्याच डेपोत तो हरवलेल्या सामानाच्या खिडकीशी बसू लागला.

सोमवारी त्याची सगळी भिस्त बर्नार्डवर होती. बर्नार्ड डेपोतला मेकॅनिक आणि ‘रपेटी’चा जन्माचा वैरी. चांगल्या भागालाही तो शिव्या घालायचा.

"कालचा बघितलास?"

"फार छान होता हं," बर्नार्ड म्हणाला.

"आणि ते तळं?"

"तर काय! हसून हसून पुरेवाट झाली बघ." तोंड मात्र मयताला आल्यासारखं.

विल्फ आपल्या खिडकीकडे परतला. बर्नार्डलासुद्धा आवडला, म्हणजे भाग चांगलाच असणार. म्हणजे बिघाड डोक्यात.

खिडकीशी बसून त्याने हसायचा सराव सुरू केला. समोरच्या डब्यात कुणाची तरी विसरलेली कवळी होती. ती त्याच्यापेक्षा बरी हसत होती.

तेवढ्यात एक म्हातारी छत्री शोधत आली. विल्फच्या मगवर ‘रपेटी’चं चित्र बघून भडकलीच. "तुम्हीपण बघता? काय तो कालचा भिकारडा भाग! कॅमेरा आधीच तळ्यात! आम्हाला काय दूधखुळे समजतात?"

"बाई, पुन्हा एकदा म्हणा."

"भिकारडा!"

विल्फने तिला तिची छत्री दिली, आणि आनंदाच्या भरात दुसऱ्यांच्याही दोन दिल्या.

मग तो थेट बर्नार्डकडे गेला. बर्नार्ड एका बसखाली आडवा होता.

"खोटं का बोललास रे?"

बर्नार्डने पान्याने एक नट आणखी आवळला.

"ग्लेनिसने फोन केला होता सगळ्यांना. म्हणाली, त्याच्या कार्यक्रमाला आता कुणी नावं ठेवायची नाहीत. जोवर तो हसतोय तोवर..." त्याने बसखालून हात पुढे केला. "विल्फ्या, जरा पाना दे बघू."

"तुझ्या हातातच आहे, बर्नार्ड."

म्हणजे डोकं शाबूत होतं. निदान अजून तरी. पण डॉक्टर तिला काय म्हणाले होते? घरी जाईपर्यंत हा प्रश्न त्याच्या छातीवर बसून राहिला. आज विचारायचंच.

संध्याकाळी तोच भाग पुन्हा लागला. ग्लेनिस शेजारी विणत बसली होती. तिचे डोळे पडद्यावर नव्हते, सुयांवरही नव्हते. विल्फच्या तोंडावर होते. स्वेटरची बाही जिराफाला पुरेल एवढी लांबली होती.

"ग्लेनिस."

"काय रे?" ती इतकी दचकली की लोकरीचा गुंडा खाली घरंगळला.

त्याने तिच्याकडे बघितलं. गाडी अजून उतारावरच होती. विल्फने चहाचा घोट मुद्दाम चुकीच्या नळीत घेतला आणि तो खदाखदा हसला. चहा नाकातून आला.

ग्लेनिसने कित्येक दिवसांत पहिल्यांदा मान खाली घालून विणकामाकडे बघितलं. "अगं बाई," ती म्हणाली, आणि बाही उसवायला लागली.