अमृतरावांची मूळव्याध

मी शाळेत पीटीचा मास्तर. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसीजवळच्या आमच्या गावात माझ्या तब्येतीचा असा दबदबा होता, की बाया आपल्या पोरांना सांगत, दौलत सरांसारखं व्हा. हा दबदबा मी मेहनतीनं तयार केला होता. लोक टमरेल घेऊन निघत, त्याच वेळेला आणि त्याच वाटेनं मी रोज पळायला जायचो.

अशा माणसाला मूळव्याध व्हावी, हा माझ्या मते सरळसरळ अन्याय होता. त्र्याण्णवच्या डिसेंबरात ती इतकी चिघळली की बसणं मुश्कील झालं. आदिलाबाद जवळ होतं, पण तिथल्या दवाखान्यात गावातलं कोणीतरी भेटणारच. म्हणून मी दोन बसा बदलून, सगळी वाट उभ्यानं, भैंशाला गेलो. कंपाउंडरनं नाव विचारलं तेव्हा मी छाती काढून 'अमृतराव' असं सांगितलं. ते माझ्या वारलेल्या सासऱ्यांचं नाव. घाईत दुसरं सुचलं नाही.

डॉक्टरांनी कापाकापी केली आणि तीन आठवडे लांबचा प्रवास बंद केला. आठव्या दिवशी आम्हाला कन्याकुमारीच्या सहलीला निघायचं होतं.

सहल खरी मनकर्णाची, म्हणजे माझ्या बायकोची. बासरच्या गोदावरीहून मोठं पाणी तिनं पाहिलं नव्हतं, आणि लग्न झाल्यापासून ती समुद्र पाहायचा म्हणत होती. सहलवाल्यांनी पैसे घेताना विमाही उतरवला होता. आजारपणानं जाता आलं नाही तर पैसे परत. ते परत आले तरच मे महिन्यात पुन्हा निघता येणार होतं, नाहीतर समुद्र राहिलाच. गावात मी सांगितलं, शाळेची तपासणी आली म्हणून सहल रद्द झाली. मनकर्णाला बजावलं, या दुखण्याबद्दल कोणाजवळ तोंड उघडायचं नाही.

विमा कंपनीला कागद पाठवले. अर्ज दौलतचा, दवाखान्याचे कागद अमृतरावांचे, आणि सोबत दोघं एकच आहेत असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं माझं पत्र. कंपनीला ते पटलं नाही, आणि यात कंपनीची काही चूक नव्हती. फेब्रुवारीतल्या एका रविवारी हैदराबादहून एक साहेब चौकशीसाठी थेट घरी आले. ओट्यावर त्यांना खुर्ची दिली आणि पाहता पाहता दहा-बारा जण जमले. मी दाराआड उभा राहिलो. बाहेर गेलं की दुखण्याचं नाव घ्यावं लागणार होतं.

आमच्याकडं विम्याचा माणूस एकाच कामाला येतो. पॉलिसी काढण्याआधी माणूस धड आहे का, ते पाहायला. तेव्हा साहेबांनी माझ्या आजाराचं विचारताच माझं भलं करायला सगळं गाव पुढं सरसावलं.

"इनकू बीमारी?" शेजारचे पांडुरंगराव साहेबांना म्हणाले. "बीस साल में छींक नहीं आयी, साब."

"बैल थकते, पन सर थकत नाही," समोरच्या घरातल्या मथुराबाई म्हणाल्या. "तुमी बिनघोर लिवा."

साहेब लिहीतच होते. मग त्यांनी मनकर्णाला विचारलं, "आप बताइये. सर को क्या हुआ था?"

मला वाटलं, आता सांगते. तिनं पदर सारखा केला.

"कुछ नहीं हुआ, साब," ती म्हणाली. "अच्छे हैं."

साहेबांनी फाइल मिटायला घेतली. इतका वेळ मी मनात गावाला शिव्या देत होतो. आता त्या स्वतःलाच द्याव्याशा वाटल्या. मी बजावलं होतं म्हणून तिनं समुद्र सोडून दिला होता, आणि तिचा नवरा दाराआड उभा होता.

मी बाहेर आलो. "साब, मेरेको बवासीर हुआ था. अमृतराव मैंच है. शरम के मारे नाम बदला."

साहेब संशयानं पाहत राहिले. "खूण अजून आहे," असं हिंदीत सांगत मी लुंगीला हात घातला, तेव्हा त्यांनी घाईघाईनं पेन उघडलं. "बस, बस, समझ गया," म्हणत त्यांनी शेरा लिहिला आणि माझी सही घेतली. महिनाभरात पैसे येतील म्हणाले.

कोणी हसलं नाही. पांडुरंगराव तेवढे मागं रेंगाळले आणि हळूच म्हणाले, "डाक्टर कोनता म्हनले, सर? मले चार सालापासून हाये."

सगळे गेल्यावर मनकर्णानं खुर्ची आत ओढली.

"काऊन सांगतलं?" ती म्हणाली. "म्या निभावून नेलं असतं."

"आन् समुद्र?"

"समुद्र तिथंच हाये. तुमाले तर रोज याच गावातून धावा लागते ना."

दुखण्याची लाज मी भैंशापर्यंत लपवत नेली होती. ही दुसरी लाज मात्र तिच्यासमोरच वाटली, आणि लपवायला जागा नव्हती.